‘काही नको’

संकटात सापडलेल्या माणसाला ‘काही हवे का?’ असे विचारले, तर आपल्याकडे बहुधा एकच उत्तर मिळते : ‘काही नको.’ हे उत्तर आपण लहानपणीच शिकतो. दुसऱ्याच्या घरी समोर आलेल्या ताटलीला आधी ‘नको’ म्हणायचे आणि आईने डोळ्यांनी खूण केल्यावरच हात पुढे करायचा, ही शिस्त मनात खोल रुजते. पुढे आयुष्यात खरोखर गरज पडते, तेव्हाही तोंडातून तेच शब्द बाहेर पडतात. गेल्या वर्षी माझ्या अगदी जवळच्या एका घराच्या बाबतीत मी हे पाहिले. त्या घराविषयी या महिन्यात वाचकांशी बोलावे असे वाटते.

माझी मावसबहीण, जिला आम्ही सारे अक्का म्हणतो, अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात २७ वर्षे राहते आहे. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला सॅन गॅब्रिएल पर्वताच्या पायथ्याशी आल्टाडीना नावाची वस्ती आहे. जुनी झाडे, बैठी घरे, मागच्या अंगणात लिंबू नि संत्री. तेथे अक्काचे घर होते. दाजी अभियंता, दोघांनी नोकऱ्या करून, हप्ते भरून ते उभे केलेले. आमच्यापैकी जो कोणी अमेरिकेत गेला, तो दोन रात्री तरी त्या घरी राहून आला.

८ जानेवारी २०२५ रोजी सकाळी आम्ही सांगलीत चहा घेत होतो, तेव्हा भाच्याचा निरोप आला : ‘आईच्या घरामागच्या डोंगराला आग लागली आहे.’ तेथे अजून ७ जानेवारीची संध्याकाळ होती. ईटन नावाच्या दरीजवळ सहा वाजून गेल्यावर पहिली ज्वाळा दिसली होती. त्याच दिवशी सकाळी पश्चिमेला समुद्रकाठच्या पॅसिफिक पॅलिसेड्समध्ये दुसरा वणवा भडकला होता.

वणवा म्हटले की आपल्याला उन्हाळ्यातला डोंगर आठवतो. हा वणवा ऐन जानेवारीत लागला, याचे पुष्कळांना नवल वाटले. परंतु त्यामागे कारणांची साखळी होती. आधीचे दोन हिवाळे तेथे भरपूर पाऊस झाला, त्यामुळे डोंगरावर गवत आणि झुडपे माजली. नंतर वसंतापासून आठ महिने जवळजवळ थेंब पडला नाही आणि ते सारे वाळून सरपण झाले. त्यात वाळवंटाकडून समुद्राकडे उतरणारे ‘सांता अना’ नावाचे कोरडे वारे सुटले. डोंगरमाथ्यावर त्यांचे झोत ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास पोहोचले. वाऱ्यामुळे पाणी टाकणारी विमाने त्या संध्याकाळी जमिनीवर उतरवावी लागली. अशा वेळी निखारे आगीच्या कितीतरी पुढे उडत जातात, छपराखालच्या हवेच्या जाळीतून माळ्यावर शिरतात आणि लाकडी सांगाड्याचे घर आतून पेटते. म्हणूनच अंगणातले झाड हिरवे राहिले आहे आणि शेजारी घराची फक्त धुराडी उभी आहे, असे दृश्य तेथे अनेक ठिकाणी दिसले.

ईटन वणव्याने सुमारे १४,००० एकर जमीन जाळली, ९,४०० हून अधिक इमारती नष्ट केल्या आणि १९ जणांचे प्राण घेतले. पॅलिसेड्सचे १२ धरले, तर दोन्ही वणव्यांत मिळून ३१ माणसे गेली. आल्टाडीनात लेक ॲव्हेन्यू नावाचा एक रस्ता वस्तीचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करतो. पूर्वेकडच्या लोकांना घर सोडण्याचा आदेश संध्याकाळीच मिळाला. पश्चिमेकडे तो पहाटे तीन वाजून गेल्यावर पोहोचला. मरण पावलेले बहुतेक सारे पश्चिमेकडचे होते, आणि त्यांत वृद्ध व अपंग अधिक होते.

अक्काचे घर पश्चिमेकडेच होते. वीज गेलेली, आकाश लाल झालेले, आदेश मात्र नाही. मध्यरात्रीनंतर शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी दार ठोठावले आणि म्हणाल्या, “मी इथं लहानाची मोठी झाले. असा वारा मी पाहिलेला नाही. निघा.” अक्का आणि दाजी कागदपत्रांची पिशवी, औषधे आणि अंगावरचे कपडे एवढ्यावर निघाले. बाई आपल्या नातीच्या गाडीतून निघाल्या. सकाळपर्यंत ती गल्ली उरली नव्हती.

दोन दिवसांनी अक्काशी बोलणे झाले. ती एका मराठी स्नेह्यांच्या घरी होती. काही पाठवू का, काय हवे, असे मी विचारले. तिचे उत्तर वाचकांनी ओळखले असेलच. “काही नको गं. आम्ही दोघं सुखरूप आहोत, तेवढं पुरे.”

हे ऐकून मला ऑगस्ट २०१९ आठवला. त्या वर्षी कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेले आणि आमच्या घरात कमरेच्या वर चढले. पाणी उतरल्यावर चिखल उपसत असताना अक्काचा फोन आला होता. तेव्हा मीही हेच म्हटले होते : ‘काही नको.’ तिने ते ऐकूनच घेतले नाही. ‘शेगडी चालते का? गाद्या किती वाचल्या? मुलाची पुस्तकं?’ असे एकेक विचारत गेली आणि मी एकेक खरे सांगत गेले. तिसऱ्या दिवशी पैसे आले. त्या पैशांत दोन गाद्या, एक शेगडी आणि दहावीची पुस्तके आली. मी मागितले नव्हते. पण तिने असे विचारले की मला ‘नको’ म्हणता येईना.

जी इतके नेमके द्यायला शिकली होती, तिला घ्यायला मात्र कोणी शिकवले नव्हते.

घर जळते एका रात्रीत; ते जळाल्याचे सिद्ध करायला मात्र महिने लागतात. अक्काच्या घराचा विमा होता. परंतु विम्याची रक्कम कित्येक वर्षांपूर्वी ठरलेली. आज तेवढ्यात घर उभे राहत नाही. घरकर्ज अजून शिल्लक होते, आणि घर नाहीसे झाले म्हणून कर्ज नाहीसे होत नाही. बँका हप्ते काही महिने पुढे ढकलतात, माफ करत नाहीत. हजारो कुटुंबे एकाच आठवड्यात भाड्याची घरे शोधू लागली. आणीबाणी जाहीर झाल्यावर दहा टक्क्यांहून अधिक भाडेवाढ करणे त्या राज्यात गुन्हा आहे. तरीही जाहिरातींतले आकडे चढत राहिले.

आणि मग आली यादी. घरातील सामानाच्या विम्याचा काही भाग यादीशिवाय मिळतो. पूर्ण रक्कम हवी असेल, तर घरातील प्रत्येक वस्तू लिहून द्यावी लागते. वस्तूचे नाव, संख्या, कोठे घेतली, किती वर्षांपूर्वी, तेव्हाची किंमत, आज तशीच नवी घ्यायला लागणारी किंमत. सत्तावीस वर्षांच्या संसारात चमचे किती होते? पडदे किती? पुस्तकांची नावे काय? महापुरानंतर तलाठी पंचनाम्याला आले, तेव्हा भिजलेली वस्तू निदान समोर होती; ती बोटाने दाखवता येत होती. अक्कापुढे राख होती. रोज रात्री ती डोळे मिटून एकेका खोलीत शिरायची, एकेक कपाट उघडायची आणि आठवेल ते दाजींना लिहायला सांगायची. पोळपाट या शब्दाशी एकदा तासभर अडली. तो मावशीने लग्नात दिलेला, मिरजेच्या बाजारातून घेतलेला. ‘आज तसाच नवा घ्यायला किती लागतील’ या रकान्यात तिला काही लिहिता येईना.

येथे आमच्या घराला पहिल्यांदा काही करता आले. पैशांची गोष्ट ती काढू देत नव्हती. पण यादीचे ऐकल्यावर माझ्या सुनेला एक सुचले. आम्ही २०१६ मध्ये अक्काकडे गेलो होतो, तेव्हा शेकडो छायाचित्रे काढली होती. तिने ती सारी उघडली. आम्ही आजवर त्यांत माणसेच पाहत होतो. आता माणसांच्या मागे पाहू लागलो. दाजींच्या खांद्यामागे पुस्तकांचे कपाट, नातवाच्या डोक्यावर भिंतीवरचे घड्याळ, जेवणाच्या टेबलापलीकडे भांड्यांची मांडणी. मग मामाकडची, चुलत भावंडांकडची, बारशाची, दिवाळीची छायाचित्रे गोळा झाली. एका आठवड्यात खोलीवार लावलेली दोनशेहून अधिक छायाचित्रे आम्ही पाठवली. अक्काने फोन केला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “पुरणयंत्र मी विसरलेच होते. ओट्याच्या कोपऱ्यात दिसतंय बघ.”

या मदतीला एक पैसा लागला नाही. पण तिला काय हवे आहे हे कळण्यासाठी, आधी तिच्यासमोर कोणता कागद पडला आहे हे आम्हाला विचारावे लागले.

दरम्यान भाच्याने आईला न सांगता ‘गोफंडमी’ या संकेतस्थळावर मदतीचे आवाहन टाकले होते. अशा संकटात तेथे अनेक कुटुंबे हा मार्ग धरतात : आपली हकीकत लिहायची, छायाचित्र लावायचे आणि ओळखीच्यांनी ते पुढे पाठवायचे. अक्काला कळले तेव्हा तिने ते तासाभरात काढायला लावले. “दोन पगारांवर घर चालवलेली माणसं आपण. चारचौघांत झोळी घेऊन उभं राहायचं?” भाचा चिडला, दाजी गप्प राहिले.

तिचे मन बदलायला निमित्त झाल्या त्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई. त्या कृष्णवर्णीय. एके काळी लॉस एंजेलिसच्या अनेक वस्त्यांत कृष्णवर्णीय कुटुंबांना घर घेऊ दिले जात नसे, बँका त्यांना कर्ज देत नसत. १९६० नंतर आल्टाडीनाच्या पश्चिम भागात त्यांना घरे घेता आली, म्हणून त्या घरांची किंमत त्यांच्या लेखी नुसत्या पैशांत नव्हती. बाईंचे घर त्यांच्या वडिलांनी घेतलेले. कर्ज केव्हाच फिटलेले. आणि कर्ज नाही म्हणजे विम्याची सक्ती करणारी बँकही नाही. हप्ता वाढत गेला आणि ठरावीक निवृत्तिवेतनात तो बसेना, तेव्हा विमा सुटला. अशी घरे त्या वस्तीत एक-दोन नव्हती. नातीने आवाहन टाकले होते, पण आठवडे गेले तरी त्यात फारसे काही जमले नव्हते.

यात नवल नाही. अशी आवाहने मुख्यतः ओळखीच्या वर्तुळात फिरतात. ज्याच्या ओळखीचे लोक सधन, त्याची झोळी लवकर भरते. डिसेंबर २०२१ च्या अखेरीस कोलोरॅडो राज्यात मार्शल वणव्याने एक हजाराहून अधिक घरे जाळली. त्यानंतर अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी अशा आवाहनांचा हिशेब मांडला, तेव्हा अधिक उत्पन्नाच्या कुटुंबांना अधिक मदत मिळाल्याचे आढळले. मदत गरजेच्या मागे जातेच असे नाही. पुष्कळदा ती ओळखीच्या मागे जाते.

अक्काने त्या बाईंसाठी लेखणी उचलली. आपल्या साऱ्या मराठी स्नेह्यांना, दाजींच्या जुन्या सहकाऱ्यांना, आम्हालाही तिने लिहिले : या बाईंनी दार ठोठावले म्हणून आम्ही जिवंत आहोत, त्यांना विमा नाही, त्यांना अमुक इतके हवे आहे. लोकांनी मनापासून दिले. पण पत्रे वाचून जवळजवळ प्रत्येकाने उलट विचारले, ‘आणि तुमचे काय?’ ती प्रत्येकाला लिहीत गेली : काही नको.

त्या रात्री दाजींनी एक कागद तिच्यापुढे ठेवला. एका बाजूला विम्याची रक्कम, बचत, निवृत्तिवेतन. दुसऱ्या बाजूला कर्ज, भाडे, बांधकामाचा अंदाज. खाली उरलेला आकडा लाल शाईने लिहिला होता. ते म्हणाले, “हे पैसे आपल्याकडे नाहीत. हे ठाऊक नव्हतं तोवर ‘काही नको’ म्हणणं ठीक होतं. आता ते खोटं बोलणं होईल.”

दुसऱ्या दिवशी अक्काने स्वतःचे आवाहन लिहिले. ते मी अनेकदा वाचले आहे. त्यात दुःखाचे वर्णन जवळजवळ नाही. काय गेले, विमा किती देणार, तूट किती, आलेला पैसा कशासाठी खर्च होईल आणि तूट भरली की आवाहन बंद केले जाईल, एवढेच. शेवटी एक ओळ : ज्यांना पैसे देणे शक्य नाही त्यांनी संकोच करू नये, आमच्या घराची छायाचित्रे असतील तर पाठवावीत. काही महिन्यांत बरीचशी तूट भरली आणि तिने ठरल्याप्रमाणे आवाहन बंद केले. मागण्यात कमीपणा असतोच असे नाही, हे मला त्या पत्राने शिकवले. जो आपला हिशेब उघडा करून मागतो, तो देणाऱ्यावर विश्वास टाकत असतो.

वाचकांपैकी अनेकांची मुले-नातवंडे आज त्या देशात आहेत, म्हणून काही गोष्टी येथे सांगून ठेवते. मोठी आपत्ती जाहीर झाली की तेथील केंद्र सरकारची ‘फेमा’ ही संस्था मदत देते. तातडीच्या गरजांसाठी त्या वेळी एका कुटुंबाला एकदाच ७७० डॉलर मिळत होते. निवासासाठीची मदत वेगळी. विमा असला तरी अर्ज करावा. विम्याने जे भरून दिले ते मात्र पुन्हा मिळत नाही. लोकांकडून एखाद्या ठरावीक खर्चासाठी जमवलेले पैसेही त्या खर्चापुरते हिशेबात धरले जाऊ शकतात, म्हणून आवाहन विचार करून लिहावे. नामंजुरीचे पत्र आले तर खचू नये; पुष्कळदा एखादा कागद किंवा विम्याचा निर्णय जोडायचा राहिलेला असतो, आणि फेरविचारासाठी ६० दिवसांची मुदत असते. नोकरीच्या तात्पुरत्या परवान्यावर गेलेल्यांना स्वतःच्या नावाने ही रोख मदत मिळत नाही. पण घरातले अल्पवयीन मूल तेथील नागरिक असेल, तर आईवडील त्याच्या वतीने अर्ज करू शकतात. निवारा, अन्न यांसारखी मदत सर्वांनाच खुली असते.

आणि देणाऱ्यांसाठी. त्या जानेवारीत सांता अनिता या शर्यतीच्या मैदानाच्या वाहनतळावर लोकांनी आणून दिलेल्या कपड्यांचे आणि वस्तूंचे ढीग लागले होते. देणाऱ्यांचे मन मोठे होते, यात शंका नाही. परंतु दुसऱ्याच्या घरी एका खोलीत राहणाऱ्या माणसाला वीस सदरे ठेवायला जागा नसते; त्याला औषध, गाडीचे इंधन, फोनचा चार्जर, भाड्याची अनामत रक्कम लागते. पहिल्या आठवड्यात सारे येतात. सहाव्या महिन्यात, विम्याच्या पर्यायी निवासाची मुदत मोजली जात असताना आणि बांधकामाचे परवाने रखडलेले असताना, फोन क्वचितच वाजतो. देणाऱ्याने आपल्या वहीत तो सहावा महिना आधीच लिहून ठेवावा.

आपल्या घरासाठीही एक छोटे काम आहे. येत्या रविवारी फोन घेऊन प्रत्येक खोलीतून सावकाश फिरावे, कपाटे उघडून चित्रण करावे आणि त्याची एक प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवावी. आग असो वा कृष्णेचा पूर, दोन्हींत ती उपयोगी पडते. आम्ही आमचे चित्रण अक्काकडे पाठवले आहे. तिच्या भाड्याच्या घराचे आमच्याकडे आहे.

आल्टाडीनातले अनेक भूखंड एक वर्ष उलटले तरी मोकळेच आहेत. अक्काच्या भूखंडावरची राख आणि दूषित माती सरकारी यंत्रणेने उचलून नेली, घराचा नवा आराखडा मंजुरीसाठी गेला आहे. शेजारच्या बाईंचे घर उभे राहील की नाही, हे अजून ठरलेले नाही; ‘जमीन विकता का?’ असे विचारणारी पत्रे त्यांना येत असतात, आणि अक्काने त्यांच्यासाठी दुसरे आवाहन लिहायला घेतले आहे.

परवा तिचा फोन आला. मी विचारले, “काय हवं?” क्षणभर थांबून ती म्हणाली, “पुढच्या महिन्यात कोणी येणार असेल, तर मिरजेहून एक पोळपाट पाठव. फार मोठा नको.”